खेळाडूंचे करार आणि 'टॅम्परिंग'चा नियम : मुलांना कसे समजावून सांगाल?



नोव्हेंबर २०२५ मध्ये रवींद्र जडेजा चेन्नई सोडून राजस्थान रॉयल्सकडे गेला आणि राजस्थानचा संजू सॅमसन चेन्नईकडे आला. अशी बातमी आपल्या पाचवी-सहावीच्या मुलांना आपल्याआधी ठाऊक असते. कोण किती कोटींना गेला हेही पाठ असतं. पण "खेळाडूच्या मनात आलं म्हणून तो असा दुसऱ्या संघात जाऊ शकतो का?" असं विचारून बघा. वर्गात लगेच दोन गट पडतात. काही म्हणतात, "हो, त्याची मर्जी." काही म्हणतात, "कसा जाईल? संघाने विकत घेतलंय ना त्याला!"

दोन्ही उत्तरं अर्धी बरोबर आहेत. उरलेलं अर्धं समजावण्यासाठी हा पाठ. यातून क्रीडाविश्वाची माहिती तर मिळतेच, शिवाय दिलेला शब्द, परवानगी आणि स्वातंत्र्य या तीन गोष्टींवर मुलांशी मोकळेपणाने बोलता येतं.

१. आधी करार म्हणजे काय ते पाहू

"संघाने विकत घेतलं" हा शब्दप्रयोग आपण सगळेच करतो, पण तो आधी दुरुस्त करून घ्या. माणूस विकत घेता येत नाही. लिलावात बोली लागते ती ठरावीक काळ त्या खेळाडूने आपल्याच संघाकडून खेळावं यासाठी. खेळाडू म्हणतो, "एवढे हंगाम मी तुमच्याकडूनच खेळेन." संघ म्हणतो, "तेवढे हंगाम आम्ही तुला ठरलेले पैसे देऊ." दोघांनी एकमेकांना दिलेला लेखी शब्द म्हणजे करार. प्रशिक्षकाचंही तसंच असतं.

ग्रामीण भागातल्या मुलांना इसाराचं उदाहरण लगेच कळतं. शेताचा व्यवहार ठरला, इसार घेतला, इसारपावती झाली. त्यानंतर रात्री दुसऱ्याच्या ओट्यावर बसून "तू किती जास्त देतोस?" असं विचारणाऱ्याला गाव काय म्हणतं, ते मुलं स्वतःच सांगतात. आणि इसार झालेला माहीत असूनही जास्त पैशाचं आमिष दाखवणाऱ्याला गाव काय म्हणतं, तेही विचारा. कारण आपला पुढचा मुद्दा या दुसऱ्या माणसाबद्दल आहे.

२. 'टॅम्परिंग' कोणतं?

क्रिकेटमुळे 'टॅम्परिंग' म्हटलं की आपल्याला चेंडू आठवतो. २०१८ मध्ये केपटाऊनच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूने चेंडूवर सँडपेपर घासला, ते बॉल टॅम्परिंग. आपण बोलतोय ते वेगळं. ज्या खेळाडूचा किंवा प्रशिक्षकाचा एका संघाशी करार चालू आहे, त्याच्याशी दुसऱ्या संघाने परवानगीशिवाय, आडून बोलणी करणं, यालाही अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांत टॅम्परिंग म्हणतात. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये याला 'टॅपिंग अप' म्हणतात. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे : फूस लावणं.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. हा नियम खेळाडूला "जाऊ नको" असं सांगत नाही. "जायचं असेल तर पुढच्या दाराने जा" एवढंच सांगतो. खालच्या तीन उदाहरणांत तीन खेळ आणि तीन देश आहेत, पण गोष्ट एकच आहे. तीच व्यक्ती आधी मागच्या दारापाशी सापडली आणि नंतर पुढच्या दाराने उजळ माथ्याने गेली.

३. मागचं दार आणि पुढचं दार

*रवींद्र जडेजा.* २००८ मध्ये पहिली आयपीएल राजस्थान रॉयल्सने जिंकली, तेव्हा एकोणीस वर्षांचा जडेजा त्या संघात होता. पुढे त्याने राजस्थानशी नवा करार न करता दुसरीकडे बोलणी केली, असा ठपका त्याच्यावर आला. आयपीएलने २०१० च्या संपूर्ण हंगामासाठी त्याच्यावर बंदी घातली. वय एकवीस. एक अख्खं वर्ष हातून गेलं. नंतर तो २०११ मध्ये कोची आणि २०१२ मध्ये चेन्नई संघात लिलावातून आला.

आता २०२५ पाहा. तोच जडेजा, आणि तोच राजस्थान संघ. पण या वेळी दोन्ही संघ एकमेकांशी उघडपणे बोलले, खेळाडूंची संमती घेतली, आयपीएलने नेमून दिलेल्या अदलाबदलीच्या मुदतीत व्यवहार केला आणि तो जाहीर झाला. जडेजाची रक्कम १८ कोटींवरून १४ कोटींवर आली, सॅमसन १८ कोटींना चेन्नईकडे गेला. कोणाला दंड नाही, कोणावर बंदी नाही. संघ बदलणं हा गुन्हा असता, तर २०२५ मध्येही शिक्षा झाली असती, नाही का?

*ॲश्ली कोल.* लंडनमध्ये आर्सेनल आणि चेल्सी हे दोन मोठे फुटबॉल क्लब आहेत. कोल आर्सेनलचा बचावपटू होता. जानेवारी २००५ मध्ये लंडनच्या एका हॉटेलात तो आणि त्याचा एजंट, चेल्सीचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो आणि क्लबचे अधिकारी यांना भेटले. आर्सेनलला याचा पत्ता नव्हता. त्या हंगामात विजेतेपदाची चुरस याच क्लबांमध्ये होती. शेवटी चेल्सी पहिला आणि आर्सेनल दुसरा आला. प्रीमियर लीगने चौकशी केली. चेल्सीला ३ लाख पौंड दंड झाला आणि पुन्हा असं केल्यास तीन गुण कापू अशी टांगती तलवार ठेवली. मोरिन्यो यांना २ लाख आणि कोलला १ लाख पौंड दंड झाला. अपिलात दोघांचा दंड प्रत्येकी ७५ हजारांवर आला. आणि गंमत बघा, २००६ च्या उन्हाळ्यात दोन्ही क्लबांनी रीतसर बोलणी करून कोलला चेल्सीकडे पाठवलं. बदल्यात आर्सेनलला विल्यम गॅलास हा खेळाडू आणि वर रोख रक्कम मिळाली.

*शॉन पेटन.* हे प्रशिक्षक आहेत, अमेरिकन फुटबॉलमधले. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या संघाशी त्यांचा करार होता. जानेवारी २०२२ मध्ये मायामी डॉल्फिन्स संघाने सेंट्सना न विचारता पेटन यांच्या एजंटशी बोलणी केली. याच मायामीने त्याआधी टॉम ब्रेडी हा नामांकित खेळाडू दुसऱ्या संघाच्या करारात असतानाही त्याच्याशी संपर्क ठेवला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये लीगने निकाल दिला. संघमालक स्टीफन रॉस यांना १५ लाख डॉलर दंड आणि १७ ऑक्टोबरपर्यंत निलंबन. शिवाय संघाने 'ड्राफ्ट'मधल्या दोन पाळ्या गमावल्या. ड्राफ्ट म्हणजे नव्या दमाचे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडण्याची पद्धत. तिथली पहिल्या फेरीतली पाळी जाणं हा पैशाच्या दंडापेक्षा जिव्हारी लागणारा घाव असतो.

पुढच्याच वर्षी, २०२३ च्या सुरुवातीला, डेन्व्हर ब्रॉन्कोस संघाला पेटन हवे होते. डेन्व्हरने आधी सेंट्सची परवानगी घेतली आणि मगच पेटन यांच्याशी बोलणी केली. मोबदला म्हणून आपली पहिल्या फेरीतली एक पाळी आणि नंतरच्या वर्षातली दुसऱ्या फेरीतली एक पाळी सेंट्सना दिली. सेंट्सनी पेटन यांच्यासोबत आपली तिसऱ्या फेरीतली एक पाळी परत केली. मायामीने चोरून बोलून पहिल्या फेरीची पाळी गमावली आणि हाती कोणीच लागलं नाही. डेन्व्हरनेही पहिल्या फेरीची पाळी खर्च केली, पण उघडपणे, आणि त्यांना प्रशिक्षक मिळाला.

ही तिन्ही उदाहरणं फळ्यावर तीन रकान्यांत मांडा : नाव, मागच्या दाराने काय झालं, पुढच्या दाराने काय झालं. वेगळं तात्पर्य सांगावं लागत नाही.

४. हुशार मूल हमखास विचारेल असा प्रश्न

"पण सर, माझे बाबा दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला जाताना जुन्या साहेबांना कुठे सांगतात?"

हा प्रश्न झटकू नका, तो अगदी रास्त आहे. खासगी नोकरीत लोक गुपचूप मुलाखती देतात आणि त्यात काही वावगं मानत नाहीत. (आपण सरकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक मात्र दुसरीकडे अर्ज करताना योग्य मार्गाने, परवानगी घेऊनच करतो!) मग खेळाडूलाच वेगळा नियम का?

कारण खेळात दोन संघ एकमेकांसमोर उभे राहतात. समजा, कोलचं चेल्सीशी गुपचूप बोलणं चालू आहे आणि पुढच्या महिन्यात आर्सेनल-चेल्सी सामना आहे. त्याच्या हातून एक प्रामाणिक चूक झाली, बॉल सुटला, गोल झाला. प्रेक्षक काय म्हणतील? "मुद्दाम सोडला!" खेळाडू कितीही सच्चा असला तरी संशय येणारच. सामना खरा आहे यावरचा प्रेक्षकांचा विश्वास हे खेळाचं भांडवल आहे आणि चोरटी बोलणी त्यालाच हात घालतात.

दुसरं कारण पैशाचं. श्रीमंत संघाला कधीही, कोणाच्याही खेळाडूला आमिष दाखवायची मुभा दिली, तर लहान संघांनी घडवलेली मुलं हंगामाच्या मध्यातच उचलली जातील. मग स्पर्धा नावालाच उरेल.

५. पण बांधून ठेवायचं किती?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे खेळाडूने निमूट बसायचं? नाही. नियमाची दुसरी बाजू तितक्याच जोराने शिकवली पाहिजे, नाहीतर आपण मुलांना फक्त आज्ञाधारकपणा शिकवू.

बेल्जियमचा फुटबॉलपटू जाँ-मार्क बोसमन याची गोष्ट जरूर सांगा. १९९० मध्ये त्याचा लिएज क्लबशी असलेला करार संपला. नव्या करारात क्लबने पगार खूपच कमी देऊ केला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्क क्लबकडे जायचं होतं. करार संपलेला, तरीही त्या काळच्या नियमानुसार जुन्या क्लबला पैसे मिळाल्याशिवाय सुटका नव्हती. तो न्यायालयात गेला. पाच वर्षं झगडला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपल्यावर युरोपीय संघातल्या खेळाडूला दुसऱ्या सदस्य देशातल्या क्लबकडे जाताना जुन्या क्लबला पैसे मागता येणार नाहीत. बोसमनची स्वतःची खेळण्याची उमेदीची वर्षं त्यात गेली. फायदा मात्र त्याच्या मागून आलेल्या हजारो खेळाडूंना झाला.

आज जागतिक फुटबॉल संघटना फिफाचा नियम असा आहे : कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी उघडपणे पुढचा करार करू शकतो. त्याआधी बोलायचं असेल तर नव्या क्लबने जुन्या क्लबला लेखी कळवायचं. म्हणजे दार बंदही आहे आणि ते कधी उघडणार ही वेळही दारावरच लिहिलेली आहे.

आपल्या मातीतलं उदाहरणही आहे. श्रीरामपूरचा झहीर खान. २००० साली, बाविसाव्या वर्षी, त्याने परसेप्ट डी'मार्क या कंपनीशी जाहिरातींच्या कामासाठी तीन वर्षांचा करार केला. त्यात एक कलम होतं : मुदत संपल्यावरही दुसऱ्या कंपनीचा प्रस्ताव आला तर तो आधी यांना दाखवायचा, आणि यांनी तेवढीच रक्कम देऊ केली तर काम यांनाच द्यायचं. २००३ मध्ये मुदत संपली, झहीर दुसऱ्या कंपनीकडे निघाला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च २००६ मध्ये निकाल झहीरच्या बाजूने लागला. भारतीय करार कायदा १८७२, कलम २७ प्रमाणे माणसाला त्याचा व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. करार चालू असताना बंधन पाळायचं, पण मुदत संपल्यावरही बांधून ठेवणारं कलम चालणार नाही, असा या निकालाचा अर्थ.

६. घराजवळची उदाहरणं : नाहरकत प्रमाणपत्र

मुलांना शाळा सोडल्याचा दाखला माहीत असतो. देशांतर्गत क्रिकेटमध्येही एका राज्य संघटनेकडून दुसरीकडे जायचं तर आधीच्या संघटनेचं नाहरकत प्रमाणपत्र लागतं. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये मुंबईकडून गोव्याला गेला आणि पृथ्वी शॉ २०२५ मध्ये मुंबईकडून महाराष्ट्राच्या संघात आला, ते याच मार्गाने. यशस्वी जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये गोव्याला जाण्यासाठी मुंबई क्रिकेट संघटनेकडे असं प्रमाणपत्र मागितलं. पुढच्याच महिन्यात त्याचं मन बदललं, त्याने अर्ज मागे घेण्याची विनंती केली आणि संघटनेने ती मान्य केली. उघडपणे मागितलं की परत फिरायचा रस्ताही उघडा राहतो. चोरून गेलेल्याला परत येणं अवघड जातं.

७. शिक्षा कोणाला झाली?

वरच्या तीन प्रकरणांतल्या शिक्षा पुन्हा एकदा पाहा. जडेजाच्या बाबतीत एकवीस वर्षांच्या मुलाचा हंगाम गेला. त्याच्याशी बोलणाऱ्या बाजूवर मात्र हंगामभराची बंदी आली नाही. कोलच्या बाबतीत क्लब, प्रशिक्षक आणि खेळाडू, तिघांनाही दंड झाला. मायामीच्या बाबतीत संघ आणि मालक यांना शिक्षा झाली, पेटन किंवा ब्रेडी यांना नाही.

यातली कोणती शिक्षा न्याय्य? माझं मत मी वर्गात शेवटी सांगते, पण इथे सांगायला हरकत नाही. फूस लावणारा आणि फूस लागणारा यांच्यात ज्याच्या हाती पैसा, वय आणि अनुभव जास्त, त्याची जबाबदारी जास्त. तरुण खेळाडूला समज द्यावी, दंडही करावा. पण त्याचं वर्ष घ्यायचं आणि आमिष दाखवणाऱ्याला सोडून द्यायचं, हे मला पटत नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं. मुलांचंही असू द्या.

८. वर्गात कसं घ्याल?

एक तासिका पुरते. वर्गाचे चार कबड्डी संघ करा आणि प्रत्येक संघाला दहा 'गुण-रुपये' द्या. संघांनी खेळाडूंशी दोन सामन्यांचा करार कागदावर लिहायचा, दोघांनी सही करायची. मग दोन फेऱ्या घ्या.

पहिल्या फेरीत काहीच नियम सांगू नका. कुजबुज करायला पूर्ण मोकळीक. थोड्याच वेळात "बाई, यानं आमचा चढाईवाला फोडला!" अशी तक्रार येतेच. दुसऱ्या फेरीत नियम : दुसऱ्या संघाच्या खेळाडूशी बोलायचं तर आधी त्याच्या कर्णधाराला विचारायचं, आणि खेळाडू 'नाही' म्हणाला तर व्यवहार नाही. दोन्ही फेऱ्यांनंतर मुलांना विचारा :

– कोणत्या फेरीत तुम्हाला आपल्या संघावर विश्वास वाटला?
– कर्णधार प्रत्येक वेळी 'नाही'च म्हणत राहिला तर खेळाडूने काय करावं?
– करार किती सामन्यांचा असावा? दोन? दहा? कायमचा?
– फूस लावणारा आणि फुटणारा, जास्त चूक कोणाची?

दुसरा प्रश्न सोडू नका. बोसमनची गोष्ट तिथे सांगितली की ती नीट पोचते.

९. पालकांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

आज गावोगावी अकादम्या आहेत. चांगलं खेळणाऱ्या मुलाच्या दारात कोणीतरी कागद घेऊन येतंच. अशा वेळी :

– आपल्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला स्वतः करार करता येत नाही. त्यामुळे कागदाची जबाबदारी तुमच्यावर येते. मुलाच्या आनंदात वाहून जाऊन तिथल्या तिथे सही करू नका. कागद घरी आणा, जाणत्याला दाखवा.
– मुदत किती, हे सर्वांत आधी वाचा. अठरा वर्षांखालील फुटबॉलपटूशी तीन वर्षांहून जास्त मुदतीचा करार फिफाचे नियम मान्य करत नाहीत. कोणत्याही खेळासाठी हा अंदाज मनात ठेवायला चांगला.
– मुदत संपल्यावरही लागू राहणारं कलम आहे का, ते पाहा. झहीरचं प्रकरण आठवा.
– मध्येच सोडायचं झालं तर काय? दुखापत झाली तर खर्च कोणाचा? शाळा आणि परीक्षांचं काय? हे तोंडी नको, लेखी हवं.
– "तुमच्या सरांना आत्ता सांगू नका" असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबा. चांगला प्रस्ताव चार दिवस उघड्यावर ठेवला म्हणून नासत नाही. ज्या प्रशिक्षकाने मुलाला घडवलं, त्यांना आधी सांगा आणि मगच पुढची बोलणी करा. ते नाराज झाले तरी मुलाला मान खाली घालावी लागणार नाही.

शेवटी शिक्षकांसाठी एक विनंती. चांगलं खेळणारा एखादा विद्यार्थी दुसऱ्या शाळेत किंवा अकादमीत जायचं म्हणून तुमच्याकडे दाखला मागायला आला, तर त्याला अडवू नका, टोमणा मारू नका. तो विचारायला आला, म्हणजे पुढच्या दाराने आला. ते दार आपण मोकळं ठेवलं, तरच बाकीची मुलंही त्याच दाराने येतील.

हा उपक्रम तुमच्या वर्गात घेतलात, तर मुलांची उत्तरं जपून ठेवा. विशेषतः दुसऱ्या प्रश्नाची.